उघडी फायरप्लेस, बंद इन्सर्ट आणि लाकडाच्या उबेचा हिशेब



दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पहाटे तीन वाजता मला एका दादाचा फोन आला. आमच्या मराठी मंडळातलंच कुटुंब. दादा, वहिनी आणि चार वर्षांचा मुलगा. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये टेकडीवरचं एक जुनं घर त्यांनी नुकतंच घेतलं होतं आणि दिवाणखान्यातल्या विटांच्या मोठ्या फायरप्लेसवर सगळेच खूश होते. दादा म्हणाला, "अगं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतोय. आग तर केव्हाच विझलीय. बॅटरी संपली असेल का?" मी म्हटलं, "आधी तिघंही घराबाहेर पडा. मग ९११ ला फोन कर. मला नंतर."

तिघंही सुखरूप होते. कारण साधं निघालं. झोपताना आग विझल्यासारखी दिसली म्हणून दादाने धुराड्याचं झाकण, म्हणजे डँपर, जवळजवळ बंद केलं होतं. घरातली ऊब वर निघून जाऊ नये एवढाच हेतू. पण राखेखाली निखारे धगधगत होते. निखारा म्हणजे जवळजवळ शुद्ध कोळसा. त्याला हवा कमी पडली की तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, धूरही दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. अलार्म नसता तर ही पोस्ट मी लिहिली नसती.

त्या आठवड्यात दादाने विचारलं, "फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवायचं म्हणतोय. कुठलं घेऊ?" माझं पीएचडीचं काम लाकडाच्या धुरातल्या सूक्ष्म कणांवर आहे. दुकानात कुठलं मॉडेल चांगलं ते मला विचारू नका. पण निवड करताना जे प्रश्न विचारायला हवेत त्यांची उत्तरं बऱ्यापैकी भौतिकशास्त्रात आहेत. ती इथे एकत्र मांडते. थंड प्रदेशात घर घेणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडतील.

उघडी फायरप्लेस घर गार करते

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. उघड्या जाळासमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते, हा अनुभव शेकोटीपाशी सगळ्यांनीच घेतलाय. घरात त्यात आणखी एक भर पडते. जाळ वर जाताना खोलीतली हवा ओढून नेतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार उघडी फायरप्लेस मिनिटाला ३०० घनफुटांपर्यंत, म्हणजे साडेआठ घनमीटर हवा धुराड्यातून बाहेर फेकते. ही हवा तुम्ही तेल जाळून गरम केलेली असते. तिची जागा घ्यायला दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची शून्याखालची हवा आत येते. दिवाणखाना उबदार आणि मागच्या खोल्या मात्र बर्फ. वहिनी म्हणायच्या, "फायरप्लेस पेटवली की बाळाच्या खोलीतला हीटर जास्त चालतो." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

हा प्रश्न जुना आहे आणि तो सोडवू पाहणारे दोन नामवंत लोक याच राज्यात जन्मले. दोघांचंही नाव बेंजामिन. बॉस्टनच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी 'पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस' बनवली. तिच्यात धूर आधी खाली आणि मग वर जायचा, त्यामुळे धातूला उष्णता जास्त मिळायची, पण जाळ नीट ओढला जायचा नाही. वोबर्न गावचा बेंजामिन थॉम्प्सन पुढे काउंट रम्फर्ड झाला. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरच्या प्रयोगामुळे तो आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटतो. त्याने १७९० च्या दशकात फायरप्लेस उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. खोलीत जास्त उष्णता परावर्तित होऊ लागली आणि धूर कमी झाला. पण तोंड उघडंच राहिलं, त्यामुळे घरातली हवा वर जाणं पूर्ण थांबलं नाही.

इन्सर्ट म्हणजे काय? आपला बंबच की!

इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी बंद लोखंडी पेटी. पुढे काचेचं दार, आत लाकूड, वर धूर नेणारी नळी. हवा किती आत घ्यायची ते एका दांड्याने ठरवता येतं. पेटीभोवती आणखी एक कवच असतं. या दोहोंमधून खोलीतली हवा फिरते आणि तापून परत खोलीत येते. जळणाची हवा वेगळी आणि खोलीची हवा वेगळी. दोन्ही कुठेच मिसळत नाहीत.

आजीच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. बंबात मधोमध नळी असते, नळीत जाळ आणि भोवती पाणी. धूर नळीतून वर जातो आणि जाता जाता पाण्याला उष्णता देतो. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवण्यापेक्षा बंबात कमी लाकडात पाणी तापतं ते याचमुळे. इन्सर्टमध्ये पाण्याच्या जागी हवा आहे, बाकी तत्त्व तेच. उघड्या फायरप्लेसमधून लाकडातल्या ऊर्जेपैकी साधारण दहावा भागच घराला मिळतो. चांगल्या इन्सर्टमधून सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळतो.

पत्रकात कार्यक्षमता वाचताना एक गोम लक्षात ठेवा. अमेरिकेत हा आकडा सहसा 'हायर हीटिंग व्हॅल्यू' धरून देतात, युरोपात 'लोअर'. धुरातून वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याची ऊर्जा हिशेबात धरायची की नाही, एवढाच फरक. पण त्यामुळे एकच पेटी अमेरिकेत ७० टक्के आणि युरोपात ७७ टक्के दिसू शकते. दोन पेट्यांची तुलना करताना पाया एकच आहे का ते आधी बघा.

लाकूड जळत नाही, त्याचा वायू जळतो

माझ्या कामाचा हा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग लाकूड फुटून त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण ८० टक्के भाग असा वायुरूपाने निघून जातो, उरतो तो कोळसा. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूची. हा वायू न जळता निसटला की त्याचाच धूर होतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं इंधन आहे. वर जाताना तो गार झाला की धुराड्याच्या भिंतीवर काळा चिकट थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर एके दिवशी पेटतो आणि धुराड्यातल्या त्या आगीचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं.

हा वायू पेटीतच जाळायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, कॅटॅलिस्ट नसलेली. पेटीच्या वरच्या भागात बारीक भोकं असलेल्या नळ्या असतात. त्यांतून गरम हवा आत येते आणि न जळलेला वायू तिथे पेटतो. काचेतून पाहिलं तर गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा छताला लटकलेल्या दिसतात. यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागतं, म्हणून पेटी चांगली तापलेली हवी. रचना साधी, बिघडण्यासारखं फार काही नाही.

दुसरी, कॅटॅलिस्टवाली. गाडीच्या सायलेन्सरमध्ये असतो तसा जाळीदार ठोकळा, त्यावर मौल्यवान धातूचा लेप. यावर धूर २६० अंशांच्या आसपासही जळतो, त्यामुळे मंद आच बराच वेळ धरता येते. पण ठोकळ्याला आयुष्य असतं. काही वर्षांनी तो बदलावा लागतो आणि रंगवलेलं लाकूड किंवा प्लॅस्टिक जाळलं तर लवकर निकामी होतो.

रोज सकाळ-संध्याकाळ पेटवणार असाल तर पहिली पद्धत पुरेशी आहे. चोवीस तास मंद चालवायची असेल आणि देखभालीची शिस्त असेल तर दुसरी. दादाच्या घरी दोघंही नोकरीला आणि लहान मूल घरात. मी पहिलीचं नाव घेतलं.

किती मोठं घ्यायचं?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पत्रकावर '७०,००० बीटीयू' असं ठळक छापलेलं असतं. ३,४१२ बीटीयू ताशी म्हणजे एक किलोवॉट. म्हणजे हे झाले साडेवीस किलोवॉट. पण हा आकडा पेटी गच्च भरून, हवा पूर्ण उघडून थोडा वेळ मिळणारा असतो. रात्रभर मिळणारा नव्हे.

त्याऐवजी स्वतःच्या बिलावरून सुरुवात करा. दादाने जानेवारीत १२० गॅलन हीटिंग ऑइल जाळलं होतं. एका गॅलनमध्ये सुमारे ४० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर घराला मिळाले १२० × ४० × ०.८५, म्हणजे साधारण ४,१०० युनिट. जानेवारीचे तास ७४४. भागाकार केला की सरासरी साडेपाच किलोवॉट. अंघोळीचं गरम पाणीही त्यातच आलं. कडाक्याच्या रात्री गरज याच्या दुप्पट होईल, पण त्या रात्री बॉयलर आहेच की.

आता पेटीकडून हिशेब करू. वाळलेल्या लाकडात, म्हणजे २० टक्के ओलावा असलेल्या, किलोमागे सुमारे ४ युनिट ऊर्जा असते. लाकूड ओक असो की बर्च, किलोमागचा आकडा जवळपास तोच. ओक जड असतं म्हणून त्याच पेटीत जास्त किलो मावतं, इतकंच. दोन घनफुटांच्या पेटीत अंदाजे ९ किलो लाकूड बसतं. कार्यक्षमता, युरोपच्या पद्धतीने, ७५ टक्के धरली तर ९ × ४ × ०.७५ = २७ युनिट. ते आठ तासांत जाळलं तर सरासरी साडेतीन किलोवॉट, पाच तासांत जाळलं तर साडेपाच. 'बारा तास चालते' असं विक्रेता म्हणाला तर त्याच २७ युनिटना बाराने भागा. सव्वादोन किलोवॉट येतात. एका साध्या इलेक्ट्रिक हीटरपेक्षा थोडंसंच जास्त. ऊर्जा तेवढीच आहे, ती किती तासांत वाटायची एवढंच तुमच्या हातात.

'मोठीच घेऊन ठेवू, हळू चालवू' हा आपला स्वभाव. कुकर घेतानाही आपण तेच करतो. पण इथे तो महागात पडतो. मोठ्या पेटीची हवा कमी करून आग घुसमटत ठेवली की तापमान ६०० अंशांवर जातच नाही, धूर जळत नाही, काच काळी होते आणि धुराड्यात क्रिओसोट साचतं. किंचित लहान पेटी जोमाने जळू देणं केव्हाही चांगलं.

निम्मं काम धुराड्यात आहे

धूर वर का जातो? नळीतली गरम हवा हलकी आणि बाहेरची गार हवा जड, म्हणून. सहा मीटर उंचीच्या नळीत सरासरी २०० अंश आणि बाहेर शून्य अंश असेल तर दाबातला फरक येतो सुमारे ३२ पास्कल. म्हणजे तीन मिलिमीटर पाण्याच्या थराइतका दाब. बस, एवढ्यावर सगळा खेळ आहे. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट फॅन बंद घरात चालू केला तर मंद आगीचा ओढा तो उलटवू शकतो. दादाच्या घरी त्या रात्री निखारे थंडावत आले होते, ओढा कमी झाला होता आणि वरून डँपर लावलेला. वायूला जायला जागाच नव्हती.

म्हणून इन्सर्टच्या खर्चात या गोष्टी धराच:

१. लायनर. पेटीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी. बऱ्याच इन्सर्टना ती ६ इंच व्यासाची लागते. विटांच्या रुंद धुराड्यात धूर नुसताच सोडला तर तो पसरतो, गार होतो आणि ओढा मरतो.

२. लायनरभोवती इन्सुलेशन. धुराडं बाहेरच्या भिंतीला असेल तर हे हवंच. धूर १२० अंशांच्या खाली गेला की क्रिओसोट जोरात धरायला लागतं.

३. जुन्या डँपरच्या जागी बंद पत्रा. नाहीतर पेटीभोवती तापलेली हवा वरच्या पोकळीत जाऊन बसते आणि तुम्ही धुराड्याच्या विटा तापवत राहता.

४. उंची. इथला नेहमीचा नियम असा की धुराडं छतातून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर हवं आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच हवं.

५. मोजमाप. फायरप्लेसची रुंदी पुढची आणि मागची दोन्ही घ्या, उंची आणि खोलीही घ्या. बहुतेक जुन्या फायरप्लेस मागे निमुळत्या असतात आणि पेटी तिथेच अडते. समोरची दगडी फरशी किती पुढे हवी आणि वरची लाकडी फळी किती लांब हवी हे पेटीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते तंतोतंत पाळा.

६. पंखा. पेटीच्या तीन बाजू विटांत असल्याने खोलीकडे उष्णता आणायला पंख्याची मोठी मदत होते. पण इथे वादळात वीज जाते. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधल्या दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती, काही ठिकाणी दोन आठवड्यांपर्यंत. वीज नसली की तेलाचा बॉयलरही बंद. अशा वेळी पेटीचा थोडा भाग खोलीत पुढे आलेला असेल तर पंख्याविनाही बऱ्यापैकी ऊब मिळते.

हे काम स्वतः करू नका. नगरपालिकेची परवानगी, तपासणी आणि घराच्या विमा कंपनीला कळवणं, तिन्ही करा.

ओलं लाकूड म्हणजे स्वस्तातला तोटा

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अशा लाकडातून किलोमागे ४ ऐवजी जेमतेम २ युनिट मिळतात आणि आग थंड राहते ते वेगळंच. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण पेटीत ओल्यामुळे सुक्याचीही आच जाते. ओकला वाळायला दोन वर्षं लागू शकतात. लाकूड फोडून, खाली फळ्या घालून, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून रचा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा, बाहेरून नाही. विसाच्या खाली आकडा आला की जाळा.

आणि धुराचं काय?

वहिनींचा एकच प्रश्न होता. मुलाला थंडीत खोकल्याची उबळ येते, मग लाकूड जाळायचंच कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि याचं उत्तर गोड करून मी देणार नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, लाकडी शेगड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९८८ मध्ये घातली. त्या नियमाखाली १९९० पासून बिनकॅटॅलिस्टवाल्या पेटीला तासाला ७.५ ग्रॅम कणांची मुभा होती. मे २०२० पासून नव्या पेट्यांना ती २ ग्रॅम आहे, आणि चाचणी खऱ्या फोडलेल्या लाकडावर केली असेल तर २.५. सुधारणा मोठी आहे. पण हे आकडे प्रयोगशाळेतले. २०२१ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांच्या हवा-विभागांची संघटना आणि अलास्का राज्याने या चाचण्यांचे अहवाल तपासले, तेव्हा त्यांत बऱ्याच त्रुटी सापडल्या. म्हणून १.१ आणि १.४ ग्रॅम अशा दोन पेट्यांत पहिलीच चांगली असं समजू नका. तुमचं लाकूड आणि तुमची सवय यांचा फरक त्याहून मोठा पडतो.

घरात दम्याचा रुग्ण असेल, शेजारची घरं अगदी खेटून असतील किंवा गाव दरीत असून थंडीत हवा साचत असेल, तर माझा सल्ला लाकूड नको असाच आहे. उबेसाठी हीट पंप बघा, भिंती-छताचं इन्सुलेशन बघा. उघड्या फायरप्लेसचं तोंड नीट बंद करून घेतलं तरी बराच फायदा होईल.

दादा-वहिनींनी आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दमा नाही असं सांगितलं, पण खोलीत धुराचा वास आला तर लगेच थांबा असंही सांगितलं. मग पोटमाळ्याचं इन्सुलेशन केलं आणि त्यानंतर दोन घनफुटांची साधी, कॅटॅलिस्ट नसलेली पेटी, इन्सुलेटेड लायनरसकट. दार उघडायचं ते आधी हवेचा दांडा पूर्ण उघडून, मिनिटभर थांबून आणि सावकाश. मी दिवाणखान्यात एक कणमापक ठेवून दिला होता. घाईने दार उघडलं की आकडा उसळायचा. वहिनींनी ते दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा घाई केली नाही.

यंदाच्या जानेवारीत तेल लागलं ७० गॅलन. इन्सुलेशनचा वाटा किती आणि पेटीचा किती ते वेगळं काढता येणार नाही, हेही सांगून टाकते. मुलाची खोली आता गारठत नाही. आणि अलार्म एक होता त्याचे चार झाले, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर. तुमच्या घरी चूल, शेगडी, बॉयलर काहीही असो, ही पोस्ट वाचून एकच गोष्ट करणार असाल तर अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय का ते आज बघा.